जुनी फोर्ड

साक्री गाव कान नदीच्या काठी वसले आहे. सुरतेहून धुळ्याकडे व पुढे नागपूरकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. रात्रंदिवस त्या मार्गावर मालमोटारींची रीघ असते. कांद्याची पोती, कापसाच्या गाठी, सुरतेचे कापड, असे काय काय लादून त्या धावत असतात. इतक्या गदारोळात आणखी एका मोटारीच्या आवाजाकडे कोण लक्ष देणार! परंतु महिन्यातून एखाद्या रविवारी, पहाटेचा गारवा अजून ओसरला नसताना, जुन्या गावातील एका वाड्याच्या अंगणातून एक निराळाच आवाज उमटतो. तो संथ व भरदार असतो. जात्यावर बसलेल्या बाईने पहिले दोन-चार फेरे जड हाताने ओढावे आणि मग हात बसावा, तसे काहीसे त्या आवाजाचे होते. चहाच्या दुकानापुढे बसलेली मंडळी पेला खाली ठेवतात आणि कोणीतरी हसून म्हणतो, “आबास्नी म्हातारी उठनी!”

ही ‘म्हातारी’ म्हणजे १९३० सालची फोर्ड मोटार. तिचे चार दरवाजे, वर दुमडता येणारे कापडी हूड, तारांच्या काड्यांची चाके, दोन्ही बाजूंना पाय ठेवून चढण्यासाठी लांबच लांब फळी आणि पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे वटारलेले दोन दिवे, असे तिचे रूप आहे. तिचा रंग एकेकाळी गर्द हिरवा होता, असे आबा सांगतात. आता तो कोणता म्हणावा, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे.

अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ नावाची साधी, काटक व सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार बाजारात आणली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. मग लोकांना ती जुनाट वाटू लागली, तेव्हा त्यांनी कारखाना काही महिने बंद ठेवून ‘मॉडेल ए’ ही नवी मोटार घडविली. आबांची गाडी ती हीच. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती, तीन गिअर आणि सरळ रस्त्यावर तासाला शंभर किलोमीटरपर्यंत वेग, अशी तिची कुंडली आहे. हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या फोर्ड मोटारी बहुधा अमेरिकेतून नव्हे, तर फोर्डच्या कॅनडातील कारखान्यातून येत. कारण ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठ त्या कारखान्याकडे सोपविलेली होती. १९२६ मध्ये फोर्ड कंपनीने मुंबईत आपली शाखा उघडली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला शेव्हरोले गाड्या जोडण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून अमेरिकन बनावटीच्या मोटारी मुंबईबाहेरच्या रस्त्यांवर अधिकाधिक दिसू लागल्या. या मोटारी जमिनीपासून उंच असत. खडीचे रस्ते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि पूल नसलेले ओढे यांतून त्या निभावून जात. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याआधी खेड्यापाड्यांतील उतारूंना खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ हाच काय तो आधार होता.

ही फोर्ड आबांच्या वडिलांनी १९४९ साली धुळ्याला एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याकडून विकत घेतली. तिच्यासाठी त्यांनी दोन बैलजोड्या विकल्या, म्हणून आबांची आजी तिला अखेरपर्यंत ‘बैलखाऊ’ म्हणत असे. पण गावाने मात्र तिचे स्वागत केले. लग्नातील नवरदेव तिच्यातून मिरवला, बाळंतीण तिच्यातून धुळ्याच्या दवाखान्यात पोचली आणि पिंपळनेरच्या बाजाराला तिच्या मागच्या आसनावरून भुईमुगाची पोतीही गेली. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे छावणीला गेली. जिथे कडब्याची पेंढी घेण्याची विवंचना, तिथे पेट्रोलला कोठून पैसा येणार? दुसऱ्याच वर्षी तेलाच्या आंतरराष्ट्रीय संकटामुळे पेट्रोलचे भाव भडकले. चार माणसांनी ढकलून गाडी रिकाम्या गोठ्यात नेली. ती तेथे पंचवीस वर्षे उभी राहिली. कोंबड्या तिच्या आसनांवर अंडी घालीत. मुले तिचे चाक फिरवून तोंडाने भोंगा वाजवीत, आणि मुंबईला पोचल्याचा आनंद मानीत.

आबांनी तिला गोठ्यातून बाहेर काढले ते वडील गेल्यानंतर. गाडी काढली तेव्हा टाकीत गंज होता, हूडाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि सायलेन्सरमध्ये उंदरांचे बिऱ्हाड होते. घरच्यांना वाटले, भंगारवाल्याला देण्यासाठी काढली असेल. पण आबा एकेक भाग सोडवून रॉकेलमध्ये धुऊ लागले, तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की, हे प्रकरण साधे नाही. त्या कामी त्यांची दोन वर्षे गेली आणि शेताचा एक तुकडाही गहाण पडला. छंद माणसाला किती खर्चात पाडतो, याचा हिशेब आबांनी कधी कोणास दाखविला नाही. बहुधा त्यांनी तो लिहूनच ठेवला नसावा.

गाडी चालविणे ही आज सोपी गोष्ट झाली आहे. बटण दाबले की इंजिन सुरू होते. या फोर्डचे तसे नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडावा लागतो. टाकी काचेच्या पुढे, पायांच्या वरच्या बाजूस असल्यामुळे पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरते. पंपाचे कामच नाही. मग सुकाणूचक्राखालच्या दोन दांड्यांकडे वळायचे. त्यांपैकी एक पेट्रोलची, दुसरी ठिणगीची. ठिणगीची दांडी आधी पूर्ण वर हवी, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ती खाली राहिली आणि कोणी पुढे जाऊन हँडल मारले, तर इंजिन उलटा हिसका देते आणि मनगटाचे हाड मोडते. म्हणूनच हँडल धरताना अंगठा इतर चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे आबा प्रत्येकाला बजावतात. पायाने दाबून इंजिन सुरू करण्याची सोय या गाडीत आहे. परंतु थंडीच्या दिवसांत सहा व्होल्टच्या बॅटरीला उगाच कष्ट द्यायला आबांना आवडत नाही. इंजिनाने सूर धरला की ठिणगीची दांडी हळूहळू खाली आणायची. गिअर बदलतानाही क्लच एकदा दाबून भागत नाही. एकदा दाबून गिअर मोकळा करावयाचा, पाय उचलावयाचा, पुन्हा दाबावयाचा आणि मग पुढचा गिअर घालावयाचा. घाई केली की दाते करकरतात आणि वाटेने जाणारासुद्धा मागे वळून पाहतो.

नवी पेट्रोलेही आबांना त्रास देतात. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, त्याची चिंता नव्हती. या इंजिनाला शिशाची गरज मुळातच नव्हती. परंतु आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते हवेतील ओल शोषून घेते, जुन्या रबराला आणि बुचाला सोसत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर आबा कॉक बंद करून कार्बोरेटरमधील थेंब न् थेंब जळू देतात आणि मगच वाड्यात जातात. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नियम केले. त्यांनुसार अशी मोटार रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, मिरवणुकीला, पेट्रोल भरण्यास किंवा दुरुस्तीस मात्र ती रस्त्यावर आणता येते. आबांचा या नियमांवर राग नाही. “तिला दुरुस्ती लागत नाही असा महिना अजून उजाडायचा आहे,” असे ते म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताच एका सकाळी त्या परिचित आवाजात एक खोट उमटली. दाराची कडी वाऱ्याने हलावी तसे टक् टक् ऐकू येत होते. आबांची नात मानसी धुळ्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. ती सुटीत आली होती. आबांनी तिला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणावयास सांगितले. या गाडीत प्लगपर्यंत वीज तारेने नव्हे, तर तांब्याच्या उघड्या पट्टीने पोचते. त्या पट्टीला व इंजिनाच्या लोखंडाला स्क्रूड्रायव्हर टेकविला की त्या सिलिंडरची ठिणगी बंद पडते. पहिल्या सिलिंडरला टेकविला, टक् टक् चालूच. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला टेकविताच आवाज एकदम मंदावला. आबांनी इंजिन बंद केले आणि ते पायफळीवर बसून राहिले.

“तीन नंबरचा रॉड,” ते म्हणाले. “शिम काढून काढून आजवर भागवले. आता काढायला शिम उरली नाही.”

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. इंजिनातील दट्ट्याला क्रँकशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. तो क्रँकला जेथे कवटाळतो, तेथे पोलादावर पोलाद घासू नये म्हणून मध्ये एका मऊ धातूचा थर असतो. कथील आणि त्यात थोडे अँटिमनी व तांबे असा तो मिश्रधातू. कारागीर त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. मऊ असल्यामुळे तो स्वतः झिजतो आणि महागड्या क्रँकला वाचवितो. झीज झाली की दोन अर्धुकांमधली पातळ पत्र्याची चकती, म्हणजे शिम, काढून घट्टपणा आणता येतो. पण अखेर थरच संपतो. पुढील काळातील मोटारींत तयार वाट्या बसविण्याची सोय झाली. या फोर्डमध्ये मात्र तो धातू वितळवून दांड्यातच ओतावा लागतो, आणि मग हाताने खरवडून क्रँकच्या मापाला आणावा लागतो.

गाडीचे इतर भाग मिळण्याची आबांना अडचण नव्हती. अमेरिकेत या मॉडेलचे हजारो भक्त आहेत. १९५० च्या दशकापासून त्यांच्या संस्था चालत आलेल्या आहेत आणि प्लगच्या पट्टीपासून दाराच्या मुठीपर्यंत सर्व भाग तेथे नव्याने तयार होतात. पैसे पाठविले की ते टपालाने साक्रीस येतात. परंतु धातू ओतणारा हात कोठून मागवावा? तो हात धुळ्यात होता. आग्रा रोडच्या मागील गल्लीत एक वृद्ध मिस्त्री राहत होते. एस. टी. सुरू होण्यापूर्वीच्या सर्व्हिस मोटारी ज्याने जोडल्या व मोडल्या, अशा एका उस्तादाच्या हाताखाली ते पोरवयात शिकले होते. आबांची गाडी गोठ्यातून निघाल्यावर तिचे चारही रॉड त्यांनीच भरले होते. मात्र आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांच्या मुलांनी गॅरेज बंद करून मोबाइलचे दुकान घातले होते. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. व्हाइट मेटलचे काम घेऊन वर्षानुवर्षे कोणी आले नव्हते.

याच सुमारास महामार्गावर नव्याने निघालेल्या एका हॉटेलचा मालक आबांकडे आला. दारापुढे शोभेला ठेवण्यासाठी त्याला गाडी हवी होती. इंजिन चालते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याने सांगितलेली रक्कम चांगली होती. वाड्याची मागची भिंत पावसात ढासळलेली होती, आणि मानसीच्या शिक्षणाचा खर्च होताच. आबांनी त्याला चहा पाजला. हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “आबा, उभीच करायची आहे, तर गोठ्यापेक्षा हॉटेल बरे.” आबा ताटावरून न बोलता उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एस. टी.ने धुळ्यास गेले आणि दुपारी मिस्त्रींना हाताला धरून घेऊन आले. मिस्त्रींनी बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले, इंजिन क्षणभर सुरू करविले व लगेच बंद करावयास सांगितले. “तीनच आहे,” ते म्हणाले. “पण आबा, मी ओतू शकणार नाही. मला आता ज्वाळा दिसते, धातू दिसत नाही.”

“ओतायला ही आहे,” आबा मानसीकडे बोट दाखवून म्हणाले. तिला हे कोणी आधी विचारले नव्हते.

त्यानंतरचे आठ दिवस वाड्याचे अंगण म्हणजे कारखाना झाला. सिलिंडर हेड उतरले, खालचा चेंबर काढला, रॉड बाहेर आला. जुना धातू वितळवून काढला, रॉड आम्लाने स्वच्छ करून त्याला कल्हई केली. मापाची लोखंडी दांडी मध्ये उभी करून साचा बांधला, तो शेगडीवर तापविला. लोखंडी पळीत धातू वितळू लागला. त्याची उष्णता मोजण्याचे मिस्त्रींचे साधन म्हणजे फळांच्या खोक्याच्या फळीची सोललेली एक काडी. ती धातूत बुडवावयाची आणि तिचा रंग पाहावयाचा. तो पाहण्याचे काम आता मानसीकडे होते.

“काडी कशी निघाली?”

“पिवळसर.”

“थांब. आता?”

“तांबूस... आता गडद तपकिरी. थोडा धूर निघतो आहे.”

“आता ओत, बेटा. एका दमात. मध्ये थांबलीस तर सांधा राहील.”

तिचा हात थांबला नाही. परंतु साच्यात कोठेतरी ओल राहिली होती. धातू तडतडला, एक थेंब तिच्या मनगटावर उडाला. निवाल्यावर पाहिले तो थरात वाटाण्याएवढे भोक! मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरविले आणि “वितळव,” एवढेच म्हटले. आबांनी तिच्या मनगटाला कोरफड लावली. दुसऱ्या दिवशी साचा दुप्पट वेळ तापविला. त्या ओतीवर मिस्त्रींनी नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पुन्हा मारली. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सर्वजण श्वास रोखून उभे होते. “ठीक आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकल्याचे आबांना आठवत नव्हते.

लेथवर ढोबळ माप काढून झाल्यावर खरे कष्टाचे काम पुढे आले. क्रँकला निळा रंग पुसटसा फासावयाचा, रॉड बसवून फिरवावयाचा आणि पुन्हा काढावयाचा. जेथे निळा ठिपका उठला असेल, तेथे धातू उंच आहे असे समजून तेवढाच खरवडावयाचा. मग पुन्हा रंग, पुन्हा रॉड. मानसीने हे दोन दिवस केले. जास्त खरवडले तर सर्व पुन्हा ओतावे लागणार, हे तिला ठाऊक होते. मिस्त्री शेजारी बाजेवर बसून प्रत्येक खेपेस अंगठ्याने पृष्ठभाग चाचपीत. एकदा त्यांनी तिचेच बोट धरून तेथे फिरविले. “हे लागतं का बोटाला? डोळ्याला दिसणार नाही ते.” तिला लागले.

गाडी जोडून झाली आणि चाचणीसाठी कोंडाईबारीच्या घाटाची निवड झाली. दहिवेलच्या पुढे सह्याद्रीच्या सागवानी टेकड्यांतून जाणारा हा घाट खानदेशातून गुजरातकडे उतरण्याची वाट आहे. आबा चाकावर, मानसी शेजारी आणि मिस्त्री मागच्या आसनावर, असे तिघे रविवारी भल्या पहाटे निघाले. नवा धातू बसेपर्यंत वेग बेताचा ठेवावयाचा होता. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत पुढे जात. काहींचे चालक मान बाहेर काढून हसत, तर एकाने हात जोडून नमस्कारही केला. दहिवेलला चहा झाला. तेथे गाडीभोवती शाळकरी मुलांचा गराडा पडला आणि भोंगा वाजविल्याखेरीज त्यांनी वाट दिली नाही.

चढ लागताच आबांनी दुसरा गिअर घातला. रेडिएटरच्या टोपणावरील उष्णतामापकात तांबडी रेघ वर सरकू लागली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते. तसे पाहता, त्यांना उघडे ठेवण्याचे कारणच नव्हते. घाटभर कोणी बोलले नाही. इंजिनाच्या घुमण्याखाली ते टक् टक् आहे काय, म्हणून तिघेही कान देऊन बसले होते. माथ्यावर पोचल्यावर आबा गाडी बाजूला घेऊन किल्लीकडे हात नेणार, तोच मागून आवाज आला, “बंद करू नका. जरा ऐकू द्या.” गाडी तशीच उभी राहिली. खाली नवापूरच्या बाजूला धुके विरत होते.

परतताना आबा शेजारच्या आसनावर बसले. मानसीजवळ परवाना होता. परंतु ही गाडी तिने आजवर अंगणाबाहेर नेली नव्हती. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबायचे नाही, गाडी गिअरमध्येच रोखून धरायची, एवढे आबांनी सांगितले आणि ते गप्प राहिले. पहिल्याच वळणाआधी तिला दुसरा गिअर हवा होता. तिने क्लच दाबला, दांडी ओढली आणि दाते मोठ्याने करकरले. मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला. आबांचा हात नकळत दांडीकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला.

“दोनदा, बेटा,” मागून मिस्त्री म्हणाले. “क्लच दोनदा.”

तिने पाय उचलला, थोडे पेट्रोल दिले आणि पुन्हा क्लच दाबला. गिअर आवाज न करता बसला, आणि म्हातारी संथपणे दहिवेलकडे उतरू लागली.